काटा खाली येतो तेव्हा

चाचांच्या गॅरेजच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती : ‘बॉनेट उघडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. परवानगी मिळणार नाही.’

पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मला हसू आलं नाही. माझ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ येत होती, स्वारगेटच्या चौकात मागच्यांनी वाजवलेले हॉर्न अजून कानात होते आणि शेजारच्या सीटवर बसलेले बाबा तिसऱ्यांदा सांगत होते, “अवं, साहेबाले उशीर होऊन राहिला ना.”

साहेब वगैरे कोणी नव्हते. बाबांनी तीस वर्षं अमरावतीला एका साहेबांची गाडी चालवली, ते साहेब केव्हाच निवर्तले होते. पण गेली दोन-तीन वर्षं बाबांची आठवण मागेमागे सरकत होती, आणि सरकत सरकत ती नेमकी त्या नोकरीपाशी जाऊन थांबली होती. आई गेल्यावर मी त्यांना धायरीला माझ्याकडे आणलं. सोबत त्यांची आकाशी रंगाची, सतरा वर्षांची गाडीही आली.

चाचा शेडमधून बाहेर आले ते गाडीकडे न बघता. पांढरा, कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऑइलचा एक ठिपका त्यावर नाही. हा मेकॅनिक आहे की हिशेबतपासनीस, असं मला वाटलं. त्यांनी आतून दोन खुर्च्या आणल्या. एक बाबांसाठी सावलीत ठेवली, एक माझ्यासाठी.

“गाडी तापलीय,” मी म्हणाले.

“ते दिसतंय. तुम्हीसुद्धा तापला आहात. दोघींना तासभर देऊ. मग बोलू.”

“तासभर? अहो, मला खराडीला पोचायचंय, दहाला मीटिंग आहे.”

“मग पोचा. गाडी मीटिंगला येणार नाही.”

पुण्यात मी एवढी वर्षं काढली, असली उत्तरं मला नवी नव्हती. पण हा माणूस उत्तर देऊन विजयी चेहऱ्यानं बघत नव्हता. तो खरोखरच घड्याळ लावून बसला होता. गरम इंजिनाला तो हात लावत नाही, हा त्याचा नियम. तासभर त्यांनी मला चहा दिला, बाबांना चहा दिला आणि गाडीच्या दिशेनं ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यांना सगळे चाचा म्हणत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. मराठी इतकी स्वच्छ की आमच्या वऱ्हाडी कानांना ती धुऊन वाळत घातल्यासारखी वाटायची. वयानं ज्यांना चाचांनीच काका, मामा म्हणावं अशी माणसंही त्यांच्यापुढे उभी राहताना हात मागे बांधून उभी राहत. मी मात्र पहिले दोन-तीन आठवडे त्यांच्यावर मनातून चिडलेलीच होते, हे कबूल करायला हवं. माझा स्वभावच तसा आहे. मला कोणी थांबवलेलं खपत नाही.

तास संपला तेव्हाही ते गाडीकडे गेले नाहीत. माझ्यासमोर येऊन बसले आणि प्रश्न विचारायला लागले. उभी असताना तापली की चालताना? एसी चालू होता का? तापमानाचा काटा सावकाश चढला की एकदम? आज सकाळी सुरू करण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी किती होतं?

“नेहमीसारखंच होतं,” मी म्हणाले.

“‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल. ‘नेहमीसारखं’ चालणार नाही.”

“मग माहीत नाही.”

“छान. आता सुरुवात झाली.”

त्याआधी मी दोन गॅरेजं केली होती. पहिल्यानं थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्यानं पाण्याचा पंप बदलला. दोन्ही वेळा गाडी आठवडाभर बरी राहिली आणि पुन्हा पाणी कमी, पुन्हा काटा लालवर. दुसऱ्यानं मग मान हलवून सांगितलं होतं, की हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन खोलण्यापेक्षा ती भंगारात द्या. मी हे सगळं चाचांना सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“गॅस्केट हा शब्द या शेडमध्ये पहिल्यांदा मी उच्चारायचा असतो. तुम्ही फक्त काय दिसलं ते सांगा. त्याला नाव देऊ नका.”

ही गाडी भंगारात गेली असती तर काय झालं असतं, ते इथेच सांगते. बाबा दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नसत. एकदा टॅक्सी बोलावली, तर चालत्या टॅक्सीचं दार उघडून उतरायला निघाले. अनोळखी माणूस आपल्याला कुठे तरी नेतोय म्हणून ओरडले. या आकाशी गाडीत मात्र पुढच्या सीटवर ताठ बसायचे, मी गिअर उशिरा टाकला की जीभ चुकचुकवायचे. मी रोज सकाळी त्यांना स्वारगेटजवळच्या, दिवसभर म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात सोडायची आणि पुढे खराडीला जायची. गाडी आहे तोवर बाबा माझ्या घरी. गाडी गेली की माझी नोकरी आणि बाबा यांतलं एकच काहीतरी. नागपूरचा भाऊ फोनवर म्हणायचाच, “ताई, तिकडे एखादा चांगला वृद्धाश्रम बघून ठेव. कधीतरी लागणारच आहे.” त्याचा ‘कधीतरी’ मला गाडीच्या काट्यात दिसायला लागला होता.

हे मी चाचांना त्या दिवशी सांगितलं नाही. पण चहा पिताना बाबांशी हस्तांदोलन करून ते जरा जास्तच वेळ हात धरून बसले, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

रेडिएटरचं झाकण त्यांनी उघडलं संध्याकाळी, गार इंजिनावर. उघडण्याआधी बराच वेळ नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले, म्हणे. ते असं बघत उभे राहिलेले मी पुढे पुष्कळदा पाहिले. हात मागे, मान किंचित वाकडी. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत, गुलाबी पट्टा होता. तो झाकायलाच पूर्ण बाह्या. एकदा एक गृहस्थ घाईघाईनं, फडकं हातात घेऊन तापलेल्या गाडीचं झाकण फिरवायला निघाले होते. चाचा उठले. समोर गेले आणि शर्टाची बाही सावकाश वर गुंडाळली. गृहस्थांनी फडकं खाली ठेवलं. चाचांनी बाही पुन्हा खाली घेऊन बटण लावलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणायला गेले.

त्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे पेपर. शेडमधल्या प्रत्येक गाडीखाली ते संध्याकाळी जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवायचे आणि सकाळी ते ओढून काढून चष्मा लावून वाचायचे. बातम्या नाही, डाग. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीनं गोल. बाजूला गाडीचा नंबर, डाग कुठल्या चाकाजवळचा, वास कसला. रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटला गोडसर वास असतो, ब्रेक ऑइलला नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं. कोपऱ्यात अशा पेपरांची छातीइतकी उंच चवड होती.

“हे कशाला जपून ठेवता?” मी एकदा विचारलं.

“लोक फाइल जपून ठेवतात, तेव्हा तुम्ही विचारता का?”

त्या शेडमध्ये वाट बघत मी जे काय पाहिलं, त्यानं माझा राग हळूहळू उतरत गेला. एक शिक्षिका आल्या होत्या. गाडीतलं कूलंट नाहीसं होतं, खाली मात्र एक थेंब पडत नाही. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. चाचांनी बॉनेटकडे पाहिलंच नाही. त्यांना विचारलं, “समोरची काच आतून पुसावी लागते का?”

“हो, रोज. चिकट धुकं धरल्यासारखं होतं. पण त्याचा काय संबंध?”

“पुसायचं फडकं दाखवा.”

बाईंनी कोऱ्या चेहऱ्यानं फडकं दिलं. चाचांनी ते नाकाशी नेलं, मग बाईंच्या नाकाशी धरलं. “गोड आहे ना? डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. तो गळतोय. तुमचं पाणी रस्त्यावर पडत नाही, वाफ होऊन काचेवर बसतं. तुम्ही ते रोज पुसून टाकता आणि मग शोधत फिरता.” दोन दिवसांनी डॅशबोर्ड खोलला. अगदी तसंच निघालं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इंजिनाच्या रोगाचं निदान फडक्यावरून!

आणि एकदा त्यांना खरोखर दुःखी झालेलंही पाहिलं. एक तरुण मुलगा आला, माझ्यासारखाच आयटीतला, गळ्यात ओळखपत्र. खुशीत होता. “चाचा, काटा एकदम रेडला गेला होता, बट मग आपोआप खाली आला. फुल्ल कोल्ड. मी आणखी दहा किलोमीटर आलो. आता ओके असेल ना?”

चाचा खुर्चीवर बसले. माणसं वाईट बातमी देण्याआधी बसतात तसे. “काटा पाण्याची गरमी मोजतो,” ते म्हणाले. “पाणीच संपलं, तर त्याला काय लागणार? काही नाही. म्हणून तो खाली येतो. चढलेला काटा म्हणजे गाडी तुम्हाला हाका मारतेय. तो एकदम खाली आला की लोक खूश होतात. तेव्हाच धावायचं असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचं इंजिन गेलं, बाळ.”

त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. पण त्याहून चाचांचा आठवतो. दुसऱ्याच्या गाडीसाठी कोणाचे डोळे असे होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभी राहायला लागले.

माझी गाडी मात्र त्यांनाही चकवत होती. मी रजा काढून बाबांपाशी घरी थांबले आणि गाडी त्यांच्याकडे चार दिवस ठेवली. त्यांनी रोज फिरवली, दाब देऊन तपासली. एक थेंब कमी झाला नाही. घरी आणली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सिंहगड रोडवर काटा वर. हे दोनदा झालं.

“गाडी माझ्याकडे बरी असते आणि तुमच्याकडे आजारी पडते,” ते म्हणाले. “तेव्हा गाडीला सोडा. घरी खाली पेपर पसरा. चार दिवसांचे पेपर मला आणून द्या.”

मी पार्किंगमध्ये पेपर पसरताना सोसायटीतल्या लोकांनी माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. चार सकाळी चार पेपर गोळा केले आणि शनिवारी नेऊन दिले. चाचांनी ते शेडच्या फरशीवर ओळीनं मांडले, चष्मा लावला आणि उकिडवे बसले.

“कूलंट कोण घालतं?”

“मीच. तुम्ही दिलेलं हिरवं.”

“साधं पाणी?”

“कधीच नाही.”

त्यांनी मला जवळ बोलावलं. चारही पेपरांवर पुढच्या बाजूला शिंतोडे वाळलेले होते, आणि प्रत्येक शिंतोड्याची कड पांढरी. “हे बोअरचं पाणी आहे, क्षाराचं. धायरीत तुमच्याकडे तेच येत असणार. आणि गळणारं पाणी असं पडत नाही, ते एका जागी थेंब थेंब पडून गोल डाग करतं. हे वरून सांडलंय.” मग काचेच्या पेल्यात रेडिएटरमधलं थोडं कूलंट काढून त्यांनी उजेडात धरलं. हिरवं कसलं, काकडी धुतल्यासारखं पाणी. “गळतीनं पाणी कमी होतं, ताई. फिकं होत नाही. फिकं होतंय म्हणजे कोणीतरी रोज वर पाणी घालतंय.”

“अहो, पण मी...”

“झाकण लावून दाखवा.”

मी झाकण ठेवलं, दाबलं, फिरवलं. ते खटकन बसलं.

“तुमचा हात चांगला आहे. या झाकणाला दोन खाचा असतात. पहिलीत ते नुसतं अडकतं, दुसरीत दाबून फिरवलं की घट्ट बसतं. पहिल्या खाचेवर राहिलं तर आत दाब राहत नाही. मग गर्दीत गाडी उभी राहिली की पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन निघून जातं. मी तीनदा हे झाकण पहिल्या खाचेवर पाहिलं. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी पाणी पूर्ण भरून ते नीट लावलं, म्हणून गाडी थोडे दिवस बरी. हे दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचं काम आहे.” त्यांनी झाकणावर बोट ठेवलं. “ज्या हातात दाबायची ताकद उरलेली नाही.”

मला तरीही कळलं नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

चाचा आपली शेड सोडून कोणाच्या घरी जात नसत. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठीसुद्धा नाही. “ओढून आणा, मी इथेच आहे,” हे ठरलेलं उत्तर. तेच चाचा सोमवारी सकाळी पावणेसहाला आमच्या पार्किंगमध्ये इस्त्रीच्या शर्टात हजर होते. एका खांबामागे वॉचमनची खुर्ची ओढून बसले होते आणि मला शेजारी उभं केलं होतं.

सहाला लिफ्ट उघडली. बाबा बाहेर आले. मी त्या वेळी रोज डब्याच्या गडबडीत असायची, आणि बाबा खाली बाकावर बसायला जातात अशी माझी समजूत होती. त्यांनी कानटोपी घातली होती. एका हातात न्हाणीघरातला मग, पाण्यानं भरलेला, चालताना हिंदकळणारा. खिशातून त्यांनी किल्ली काढली. ती किल्ली मीच त्यांना करून दिली होती. तिनं गाडीचं दार तेवढं उघडायचं, गाडी सुरू व्हायची नाही. ती खिशात नसली की बाबांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्यांनी दार उघडलं, बॉनेटचा खटका ओढला, बॉनेट उचललं, दांडी लावली. एकेक हालचाल चुकत नव्हती. ज्या माणसाला आपण जेवलो की नाही हे आठवत नव्हतं, त्याचे हात स्वतःहून सगळं करत होते. झाकण काढलं. हातातला मग वाकडा झाला, निम्मं पाणी आत, निम्मं खाली. झाकण ठेवलं, थरथरत्या बोटांनी फिरवलं. पहिल्या खाचेवर ते अडकलं. त्यांनी दाबायचा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि सोडून दिलं. मग खिशातल्या रुमालानं काच पुसली आणि गाडीशेजारी ताठ उभे राहिले. साहेबांची वाट बघत.

अमरावतीच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांना रोज सकाळी पाणी पाहावंच लागे. मी लहान असताना ते चहाही न पिता आधी हे करत. आई ओरडायची. ते म्हणायचे, “आधी गाडीले पाणी, मंग आपल्याले.”

मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर रागावलेही होते. सहा महिने मी ज्या चोराला शोधत होते तो माझ्याच घरात कानटोपी घालून बसला होता. “त्यांची किल्ली काढून घेते आजच,” मी कुजबुजले. “बॉनेटला कुलूप लावता येईल ना?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत त्यांनी मला टोमणे मारले होते, पण असं पाहिलं नव्हतं.

“दिवसभरात त्यांना आणखी कुठलं काम अचूक जमतं?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा बाबांकडे पाहिलं.

ते खांबाआडून निघाले आणि सरळ बाबांपाशी गेले. “नमस्कार, ड्रायव्हरसाहेब. पाणी पाहिलंत का?”

“हाव तं,” बाबा म्हणाले. “रोज पाहतो. साहेब यिऊनच राहिले आता.”

“छान. गाडी दोन दिवस माझ्याकडे राहील. सर्व्हिसिंगला. साहेबांना मी सांगतो.”

“नीट करजा बावा,” बाबांनी बजावलं. “लई वर्साची गाडी हाय.”

दोन दिवसांनी शेडमधून गाडी परत घ्यायला गेले तेव्हा बॉनेट उघडून मी पाहिलं आणि मला काहीच कळेना. रेडिएटरचं झाकण होतं तिथे काळं, गुळगुळीत आवरण होतं, डोळ्यांत भरणार नाही असं. आणि त्याच्या पुढे, हाताशी, एक जुन्या रेडिएटरचं कापलेलं नरसाळ्यासारखं तोंड पक्कं बसवलेलं होतं. त्यावर चकचकीत पितळी झाकण. चाचांनी ते करंगळीनं फिरवून दाखवलं.

“स्प्रिंग काढलीय. बाबांच्या बोटांना जमेल. पहिल्या दिवशी त्यांचा हात धरून बघितला होता मी, जोर किती आहे ते.”

“आणि यात घातलेलं पाणी कुठे जाईल?”

“काच धुण्याच्या टाकीत. खालून नळी जोडलीय. खरं झाकण आत आहे, ते फक्त तुम्ही उघडायचं, गार असताना, आठवड्यातून एकदा. बोअरच्या पाण्यानं काचेवरच्या फवाऱ्याचं भोक बुजेल कधी कधी. टाचणी ठेवा जवळ.”

 मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेले, तर ते मागे सरकले. “गाडी बाजूला घ्या आधी. मागे माणसं थांबली आहेत.”

त्यानंतर दीड वर्ष काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही. बाबा रोज सहाला खाली जात, नवं झाकण पाहून एकदाही दचकले नाहीत. उलट पहिल्याच दिवशी समाधानानं म्हणाले, “आता बसते बराबर.” आणि रोज स्वारगेटच्या सिग्नलला मी स्टिअरिंगजवळची काच धुण्याची दांडी ओढायची. बाबांनी सकाळी घातलेलं पाणी काचेवर उडायचं, वायपर फिरायचा आणि बाबा पुढच्या सीटवरून म्हणायचे, “हां. काच कशी पायजे, तं अशी.” पुण्यातल्या धुळीत माझ्याइतकी स्वच्छ काच कुणाची नसेल. भावाला मी सांगून टाकलं, की वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा काढू नकोस.

मग या हिवाळ्यात एका सकाळी दांडी ओढली आणि पाणी आलं नाही.

भोक बुजलं असणार म्हणून मी टाचणी घातली. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत सोडून दिलं. पाचव्या दिवशी बाबांना केंद्रात सोडलं आणि ऑफिसला जाता जाता चाचांच्या गल्लीत गाडी वळवली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आता मीही शिकले होते. नाव न देता दिसलं तेवढं सांगितलं. काच धुवायचं पाणी पाच दिवस येत नाही. टाचणी घातली. मोटारीचा आवाज येतो, पाणी येत नाही.

चाचा उठले नाहीत. बॉनेटकडे पाहिलं नाही.

“बाबा कसे आहेत?”

“छान आहेत,” मी म्हणाले. आणि मला खरंच तसं वाटत होतं. “हल्ली किती शांत झालेत. कटकट नाही, साहेब नाहीत, गिअरवरून बोलणं नाही. सकाळी पण आरामात झोपून असतात, मीच उठवते.”

“किती दिवस?”

“चार-पाच...”

मी तिथेच थांबले. मोटारीत बिघाड नव्हता. टाकी कोरडी होती, कारण पाच दिवस तिच्यात कोणी पाणी घातलं नव्हतं.

चाचा उभे राहिले. आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. “काटा खाली आलाय म्हणून तुम्ही खूश आहात, ताई. ऑफिस राहू दे. त्यांना घेऊन आत्ता दवाखान्यात जा.”

मी गेले. गाडी केंद्रापाशी कशी आणली ते आठवत नाही. बाबा खुर्चीत बसले होते, मान छातीवर, मी हाक मारली तर डोळे अर्धे उघडले. दवाखान्यात रक्त तपासलं. शरीरातलं मीठ फार खाली गेलं होतं. सलाइन लावता लावता तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “आजच आणलंत ते बरं केलंत. म्हातारी माणसं अशी गप्प होतात आणि घरच्यांना वाटतं, शांत झालेत. तुमच्या लक्षात कसं आलं?”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका मेकॅनिकला कोरड्या काचेवरून कळलं, असं मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझंही रक्त तपासलं असतं. 

बाबा आठवडाभर तिथे होते. घरी आल्यावर पहिले तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी रजा काढली होती. चौथ्या दिवशी पावणेसहाला स्वयंपाकघरात उभी असताना न्हाणीघरात मग बादलीवर आपटल्याचा आवाज आला. मी गॅस बंद केला आणि जागची हलले नाही. दार उघडलं. लिफ्टचा आवाज आला. मी खिडकीतून खाली पाहिलं, कानटोपी गाडीकडे निघाली होती, हातातला मग हिंदकळत होता.

साडेआठला मी बाबांना शेजारी बसवून उगाचच सोसायटीच्या फाटकापर्यंत गाडी नेली आणि दांडी ओढली. काचेवर पाणी उडालं.

“पुढं पाय,” बाबा म्हणाले. “काहून रडून राहिली?”

मी गाडी कडेला घेतली आणि चाचांना फोन लावला. 

“चाचा, काच भिजली.”

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. 

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.